गावात जाऊन येतो

कोथरूडच्या कुठल्याही सोसायटीच्या जिन्यात शनिवारी सकाळी साडेदहाच्या सुमाराला एक वाक्य हमखास ऐकू येतं. “गावात चाललोय, काही आणायचंय का?” हे वाक्य अखंड आहे, त्याचे दोन तुकडे करता येत नाहीत. गावात निघालेल्याने शेजाऱ्याला काही आणायचंय का असं विचारायचं आणि शेजाऱ्याने “छे हो, काही नाही” म्हणायचं, असा करार आहे. क्वचित एखादा नवखा शेजारी करार मोडतो आणि म्हणतो, “बरं झालं विचारलंत, तपकीर गल्लीतून ट्यूबचा चोक आणा एक.” पुढच्या शनिवारपासून त्याच्या दारावरून लोक चपला हातात घेऊन उतरतात.

परगावचा माणूस हे वाक्य पहिल्यांदा ऐकतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर एसटी येते, धुळीचा रस्ता येतो, पार येतो आणि पारावर बसून तंबाखू मळणारी चार माणसं येतात. बोलणारा प्रत्यक्षात निघालेला असतो लक्ष्मी रोडला. पुण्याच्या मराठीत गाव म्हणजे शहराचा सगळ्यात जुना, सगळ्यात दाट आणि सगळ्यात शहरी भाग. आणि त्याला गाव म्हणणारे राहतात कुठे, तर कोथरूड, बाणेर, धायरी, हिंगणे, वडगाव इथे, म्हणजे आजोबांच्या पिढीपर्यंत जिथे ज्वारी उभी असायची तिथे. थोडक्यात, गावातले लोक शहरात जातात आणि जाताना त्या शहराला गाव म्हणतात. यात काही चुकतंय असं इथे कोणालाही वाटत नाही.

सगळी गोम विभक्तीच्या प्रत्ययात आहे. ‘गावाला गेलेत’ आणि ‘गावात गेलेत’ ही दोन संपूर्ण वेगळी आयुष्यं आहेत. गावाला गेलेत म्हणजे दाराला कुलूप, दूध बंद, पेपर बंद, कुंड्यांना पाणी घालायचं काम समोरच्या वहिनींकडे. गावात गेलेत म्हणजे बसा, पाणी घ्या, येतीलच इतक्यात. उत्तरेकडून बदलून आलेल्या एका बँक अधिकाऱ्याला पहिल्याच आठवड्यात कळलं की शिपाईमामा गावात गेलेत. त्याने हजेरीपटावर त्यांची चार दिवसांची रजा मांडली. मामा तासाभरात परत आले, हातात बँकेच्याच कामाचे लखोटे, आणि आपण रजेवर आहोत हे कळल्यावर जी संधी चालून आली होती तिचा मान राखून खरोखरच गावाला गेले.

कागदोपत्री हे गाव कुठेच नाही. पीएमपीच्या बसवर स्वारगेट, डेक्कन, पुणे स्टेशन, मनपा अशा पाट्या दिसतात. ‘गाव’ अशी पाटी लावून अजून एकही बस सुटलेली नाही. त्याला पिन कोड नाही. ‘येथून गाव सुरू’ असा फलक नाही, आणि ज्या शहरात जिन्यात चप्पल कुठे काढावी यावरही फलक असतो तिथे हे विशेषच म्हणायचं. तरी रिक्षात बसून “गावात” म्हटलं की रिक्षावाला नकाशा उघडत नाही. सरळ “नाही येणार” म्हणतो. म्हणजे जागा कुठे आहे ती त्याला नेमकी ठाऊक आहे.

इतिहासात शिरलं तर मात्र या शब्दाची वंशावळ चोख निघते. मूळ गाव म्हणजे कसबा. कसब्याचा गणपती हे पुण्याचं ग्रामदैवत आणि तांबडी जोगेश्वरी ही ग्रामदेवता. विसर्जनाच्या मिरवणुकीतला पहिला मान आजही कसब्याचा, दुसरा जोगेश्वरीचा. १५ फेब्रुवारी १९५० ला पुण्याची महानगरपालिका झाली, २०११ च्या जनगणनेत वस्ती ३१ लाखांपलीकडे गेली, कारकुनांचे अधीक्षक झाले आणि अभियंत्यांचे मुख्य अभियंते झाले. पण गणपतीला कोणी ग्रामदैवताच्या हुद्द्यावरून वर चढवलं नाही. नगरदैवत नाही, महानगरदैवत तर नाहीच. बाप्पाने स्वतःही कधी अर्ज केल्याचं ऐकिवात नाही. तेव्हा शहराचं दैवत जर ग्रामातलं, तर भक्ताने गावात जातो म्हटलं यात त्याचं काय चुकलं?

कसब्याभोवती पेठा वाढत गेल्या. त्यातल्या काहींची जुनी नावं मोठी भारदस्त होती. शनिवार पेठ मुर्तजाबाद होती, रविवार मलकापूर, सोमवार शहापूर, शुक्रवार विसापूर. नावावरून वाटावं की एकापासून दुसरीकडे जायला बैलगाडी जुंपावी लागत असेल. पेशवाईत या सगळ्यांची आठवड्याच्या वारांमध्ये वाटणी झाली. वार संपले तरी पेठा संपेनात, तेव्हा माणसांची नावं काढली : सदाशिवरावभाऊंची सदाशिव, नारायणरावांची नारायण, नाना फडणविसांची नाना. शेवटी माणसंही पुरेनात तेव्हा एका पेठेला नुसतंच ‘नवी’ म्हटलं. ती अजून नवी पेठच आहे. पुण्यात एकदा नवं म्हटलं की वयाचा दाखला मागायचा नाही. मुठेवरचा ‘नवा पूल’ १९२३ सालचा आहे, शंभरी उलटली, अधिकृत नाव शिवाजी पूल आहे. पत्ता सांगताना तो नवाच. त्याच्या वरच्या अंगाला लकडी पूल. पानिपतानंतर बांधलेला तो मूळचा पूल लाकडी होता. आजच्या पुलात लाकडाची ढलपीही नाही आणि याचंही अधिकृत नाव वेगळं आहे, पण संभाजी पूल म्हणून पत्ता सांगणारा माणूस एकतर वार्ताहर असतो नाहीतर वाट चुकलेला.

अशा गावात प्रत्यक्ष राहतं कोण, हा प्रश्न नाजूक आहे. कोथरूडकर म्हणतो, गाव म्हणजे सदाशिव पेठेपासून पुढे. सदाशिव पेठेत जाऊन एखाद्या आजोबांना विचारावं, “काका, तुम्ही गावातच राहता ना?” काका चष्मा वर करतात. “गावात? आम्ही पेठेत राहतो. गाव पलीकडे, लक्ष्मी रोड ओलांडलात की.” लक्ष्मी रोड ओलांडून शनिवारात विचारावं तर गाव मंडईकडे असतं. मंडईत विचारावं तर “गाव म्हणजे मूळचं कसबा बरं का” असं कोणीतरी भाजी निवडता निवडता सांगतं. कसब्यात पोचून, कुंभारवाड्याजवळ एखाद्या ओट्यावर बसलेल्या आजींना विचारलं की हे गाव का? तर त्या म्हणतात, “हे पुणं.” त्या दोन शब्दांचा अर्थ असा की तुम्ही ज्या ज्या ठिकाणांहून चालत इथवर आलात त्यांपैकी एकही पुण्यात येत नाही, पण तुम्ही पाहुणे असल्यामुळे त्या हे सौजन्याने बोलतायत.

म्हणजे गावात कोणीही राहत नाही. गावात फक्त जाता येतं.

ही रीत नदीने लावली. पुणं मुठेच्या एका काठाला होतं आणि पलीकडे शेतं, मळे, टेकड्या. १९०६ साली स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याचं नाव पुढे आसपासच्या साऱ्या वस्तीला मिळालं. १९३३ साली कोल्हापूरहून आलेल्या प्रभात फिल्म कंपनीने स्टुडिओ उभारायला जागा घेतली तीही नदीपलीकडे, गावाबाहेर, कारण तिथे शांतता होती. (त्या प्रभात रस्त्यावरची शांतता आज चौरस फुटावर विकतात.) पलीकडे बंगले बांधून राहायला गेलेल्या माणसाला भाजी, वाणसामान, लुगडी, पंचांग, भटजी, सगळ्यासाठी पूल ओलांडून परत यावं लागे. तो घरच्यांना “गावात जाऊन येतो” म्हणू लागला आणि त्यात तक्रारीपेक्षा ऐट जास्त होती. आपण गावाबाहेर राहतो, म्हणजे आपल्याला अंगण आहे, हे त्या वाक्यातून न सांगता सांगता येत असे.

सगळ्यांच्याच बाबतीत ती ऐट नव्हती. धोंडो केशव कर्व्यांनी १९०० साली विधवांसाठीचा आश्रम हिंगण्याला नेला तो गावाचा त्रास नको म्हणून. शिकवायला मात्र ते फर्ग्युसनमध्ये, त्यामुळे हिंगण्याहून रोजची पायपीट. त्या हिंगण्याचं आता कर्वेनगर झालंय आणि रस्त्यालाही कर्व्यांचंच नाव आहे. संध्याकाळी सहा वाजता त्या रस्त्याने मोटारीतून निघालं तर साधारण कर्वे चालत जेवढ्या वेळात पोचत असतील तेवढ्याच वेळात पोचता येतं. स्मारक याहून जिवंत कसं असावं? मग १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं आणि हजारो घरं उठून नव्या वसाहतींत गेली. ती माणसं काही अंगणासाठी गेली नव्हती. त्यांच्या तोंडी “गावात जाऊन येतो” याचा अर्थ पहिली काही वर्षं तरी “घरी जाऊन येतो” असाच होता. घर तिथे उरलेलं नव्हतं, एवढंच.

आता सीमारेषेचं बघू. गाव नक्की कुठे सुरू होतं यावर भूगोलाचे, इतिहासाचे आणि महसुलाचे जाणकार वाद घालत बसतील, पण दर रविवारी हजारो कुटुंबं हा प्रश्न मोटारीत सोडवतात. टिळक रस्ता मागे पडतो. नवऱ्याच्या मानेवरची शीर दिसू लागते. गाडी पहिल्या गियरवरून दुसऱ्यावर जायचं सोडून देते. पी-वन, पी-टूच्या पाट्या येतात. आज तारीख सम की विषम यावर कुटुंबात दोन तट पडतात. सम तारखेची बाजू सापडते तेव्हा तिथे आधीच विषम तारखेपासून उभी असलेली गाडी असते. आणि मग तो क्षण येतो. नवरा म्हणतो, “तू उतर. मी फिरत राहतो.”

हे वाक्य जिथे उच्चारलं जातं तिथे गाव सुरू होतं. त्यानंतर बायको तुळशीबागेत जाते आणि नवरा बाजीराव रस्ता, शनिवारवाडा, शिवाजी रस्ता, पुन्हा बाजीराव रस्ता अशी प्रदक्षिणा घालत राहतो. पहिल्या बाजीरावाने १७३० साली पायाभरणी केलेल्या त्या वाड्याचा दिल्ली दरवाजा, त्याच्यावरचे खिळे, समोरचं पटांगण, हे सगळं पुण्यातल्या नवरेमंडळींना तोंडपाठ आहे ते इतिहासप्रेमामुळे आहे असा पर्यटकांचा समज असतो. तो तसाच राहू द्यावा.

एवढा त्रास, तर जातात कशाला? कारण “गावात मिळेल.” या दोन शब्दांवर पुण्याचा जेवढा विश्वास आहे तेवढा बँकेच्या ठेवीवरही नाही. पंचवीस वर्षांपूर्वीच्या मिक्सरचा कपलर तुटतो. कंपनीचं सेवाकेंद्र सांगतं की हे मॉडेल बंद झालं, नवीन घ्या. मोबाइलवर शोधलं तर गुरगावहून कपलर येतो, तो दुसऱ्याच मिक्सरचा असतो. मग घरातली ज्येष्ठ व्यक्ती, जिला आत्तापर्यंत कोणी विचारलेलं नसतं, कोपऱ्यातून म्हणते, “गावात मिळेल.” आणि मिळतो. दुकान जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढं. मालक तुमच्या हातातला तुटका तुकडा बघतो, तुमच्याकडे बघत नाही.

“हा अजून वापरताय?”

“हो.”

“बदलू नका. चांगला आहे.” आणि पाठीमागच्या शेकडो डब्यांतून, ज्यांच्यावर चिठ्ठी नाही, तो बरोबर तोच कपलर काढतो.

“किती द्यायचे?”

“तीस.”

गुरगावच्या कपलरला पाठवणावळच त्याहून जास्त लागली होती. (दुकानं दुपारी बंद असण्याचा विनोद इथे मी करणार नाही. तो आता दुकानदारही करतात.)

गावाचा हा खजिना गल्लीवार लावलेला आहे. विजेचं काही असेल तर तपकीर गल्ली. तिथे तपकीर मिळत नाही हे वेगळं सांगायला नको. बरण्या, चाळण्या, दोरखंड, पिशव्या आणि ज्यांचं नाव आपल्याला येत नाही अशा सगळ्या वस्तू बोहरी आळीत. तांब्याचा बंब हवा असेल, किंवा असलेल्याला पोचा पडला असेल, तर तांबट आळी. तिथे दुकान शोधावं लागत नाही, ठोक्यांचा आवाज आला की पोचलात. बांबूच्या टोपल्या, सुपं बुरूड आळीत. पुस्तकांना अप्पा बळवंत चौक, ज्याला मुलं एबीसी म्हणतात आणि शिक्षणाची सुरुवात म्हणून ते योग्यच आहे. मॉलमध्ये सगळं एका छताखाली मिळतं असं सांगतात. गावात छत कमी आहे, पण कुकरची रिंग मिळते.

आणि मंडई. १८८० च्या दशकात ही इमारत बांधायची ठरली तेव्हा नगरपालिकेचे सभासद असलेल्या जोतीराव फुल्यांनी त्या खर्चाला विरोध केला होता. लोकांच्या शिक्षणाला पैसा नाही आणि बाजाराला महाल कशाला, अशी त्यांची बाजू. इमारत झाली, तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचं नाव मिळालं. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना तिचं नामांतर महात्मा फुले मंडई असं झालं. ज्या इमारतीला विरोध केला तिलाच विरोधकाचं नाव, याला काव्यगत न्याय म्हणायचं की नगरपालिकेचा हिशेब, ते अत्रे असते तर त्यांनी दोन तास सांगितलं असतं.

याच मंडईत शब्दाची खरी गंमत दिसते. २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावं महापालिकेत घेतली. त्यांपैकी एखाद्या गावचे आप्पा घरून निघताना म्हणतात, “पुण्याला जाऊन येतो.” कागदावर ते पुण्यातच राहतात, पुण्याचा मिळकतकर भरतात, निदान नोटिसा तरी पुण्याच्या येतात. त्याच वेळी कोथरूडहून निघालेल्या वहिनी म्हणतात, “गावात जाऊन येते.” आप्पा गावातून शहरात आले, वहिनी शहरातून गावात आल्या, आणि दोघे मेथीच्या एकाच जुडीला एकदम हात घालतात. “घ्या घ्या ताई, आमच्याकडे शेतात आहे ही,” आप्पा म्हणतात. मग इथून का घेताय, असं वहिनी विचारत नाहीत. शेतावर आता आठमजली इमारत आहे हे दोघांनाही माहीत असतं.

गाव या शब्दाची जास्तीत जास्त अडचण इंग्रजीत होते. इंग्रजांनी १८१७ नंतर पूर्वेला आपली छावणी वसवली, ती झाली कॅम्प. आणि कॅम्पातून बघितलं की पेठांचा भाग झाला सिटी. बुधवारातलं टपाल कार्यालय म्हणून अजूनही सिटी पोस्ट. तेव्हा एकच चौक, नदीपलीकडच्याला गाव आणि छावणीतल्याला सिटी. शाळेत गाव म्हणजे व्हिलेज असं शिकून आलेल्या पुण्याच्या मुलाला कोणी “वेअर इज युअर मदर?” विचारलं आणि त्याने “शी हॅज गॉन टु द व्हिलेज” असं उत्तर दिलं तर बाईंनी त्याला बरोबर द्यावं की चूक? आई तर सिटीत गेलेली आहे.

मुंबईकर या बाबतीत स्वतःला फार आधुनिक समजतात, कारण ते गाव न म्हणता ‘टाऊन’ म्हणतात. अंधेरी-बोरिवलीचा माणूस “टाऊनला चाललोय” म्हणतो तेव्हा त्याने इस्त्रीचा शर्ट घातलेला असतो. त्या टाऊनात काय आहे? गिरगाव आहे. माझगाव आहे. उपनगरात गोरेगाव, टाऊनात गिरगाव, मग एक गाव आणि दुसरं टाऊन कसं, हे विचारलं की मुंबईकराची लोकल येते. जुनी मंडळी कोट म्हणत, कारण तिथे खरोखर किल्ला होता. १८६० च्या दशकात त्याच्या भिंती पाडल्या, वेशी पाडल्या. किल्ला गेला, फोर्ट उरला. चर्चच्या वाटेवरची वेस गेली, चर्चगेट उरलं. रोज लाखो लोक त्या नसलेल्या दरवाजातून कामाला जातात. टाऊनची हद्द मात्र पुण्याच्या गावापेक्षा सरळ आहे. माहीम आणि सायनच्या खाली रिक्षाला परवाना नाही. जिथे रिक्षावाला हात वर करून “यहाँसे टॅक्सी लो” म्हणतो, तिथे टाऊन लागलं. फक्त दादरकराला यात ओढू नये. तो टाऊनचाही नाही आणि उपनगराचा तर मुळीच नाही, तो दादरचा आहे.

नागपूरकर तर ‘बर्डीवर’ जातो. सीताबर्डीला टेकडी आहे, टेकडीवर किल्ला आहे, १८१७ च्या नोव्हेंबरात तिथे भोसल्यांची आणि इंग्रजांची लढाई झाली. तेव्हा चढणं आलंच. आज बर्डीच्या सखल बाजारात चपला घ्यायला जाणारा माणूसही “बर्डीवर जाऊन येतो ना बे” असंच म्हणतो. पुणेकर गावात, मुंबईकर टाऊनला, नागपूरकर बर्डीवर. मराठी भाषेने आपले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं तीन शहरांत भांडण होऊ नये म्हणून वाटून दिलेली दिसतात. नाशिकरोडकर तर स्टेशनच्या पाटीवर नाशिक लिहिलेलं असताना “नाशिकला जाऊन येतो” म्हणून निघतो.

एक गोष्ट मात्र विनोदाबाहेर ठेवायला हवी. ज्या मूळ गावावरून हा शब्द आला त्याला गावकूस असे, आणि कुसाबाहेर ठेवलेल्या वस्तीतले लोकही ‘गावात जाऊन येतो’ असंच म्हणत. कुठल्या वाटेने जायचं, कुठे थांबायचं, हे त्यांच्यासाठी गावाने ठरवलेलं होतं. नदीपलीकडच्या बंगल्यातून ऐटीत उच्चारलेलं वाक्य आणि हे वाक्य शब्दाला शब्द एकच आहे. ‘काही आणायचंय का’ हा शेपटीचा भाग तेवढा त्यात नसे.

हे फक्त आपल्याकडेच आहे असं समजू नये. न्यू जर्सीतल्या मराठी घरांत शनिवारी मॅनहॅटनला जायचं असेल तर “सिटीत जाऊ या” म्हणतात, आणि तिथेही पार्किंगवरून तेच संवाद होतात, फक्त दर डॉलरमध्ये. सगळ्यांवर कडी केली ती बॉस्फरसच्या काठच्या लोकांनी. कॉन्स्टँटिनोपल हे भलंमोठं नाव सोडून आसपासचे ग्रीक बोलणारे लोक ‘शहरात’ जातो, ‘शहराकडे’ जातो एवढंच म्हणत, आणि त्या ‘शहरात’च्या ग्रीक शब्दांवरून इस्तंबूल हे नाव आलं असं बहुतेक भाषापंडित मानतात. १९३० मध्ये तुर्कस्तानने जगाला कळवलं की यापुढे पत्रांवर हेच नाव घाला. म्हणजे जगातल्या एका प्रचंड शहराचं नाव सप्तमी विभक्तीत आहे. आपल्याकडेही हे घडायला हरकत नव्हती. पुणे महानगरपालिकेऐवजी ‘गावात महानगरपालिका’. रेल्वेची घोषणा ऐका : मुंबईहून येणारी डेक्कन क्वीन थोड्याच वेळात गावात स्थानकात येत आहे. नामांतराच्या समितीला हे सुचवायला हवं, पण तिथे आधीच बरीच नावं रांगेत आहेत.

बिल्डर लोकांना गाव हा शब्द चालत नाही. गावापासून जितकं दूर तितकं जाहिरातीतलं अंतर कमी. ‘शहराच्या मध्यापासून अवघ्या वीस मिनिटांवर’ ही वीस मिनिटं पहाटे तीनला निघालं, आणि तेही लॉकडाऊनमध्ये, तर लागतात. डोंगराच्या पायथ्याशी, जिथे रात्री मोर ओरडतात, तिथल्या संकुलाचं नाव डाउनटाऊन असतं. तिथे राहायला गेलेल्या जोडप्याची आई पेठेतून फोन करते, “कुठवर आलात?” “डाउनटाऊनहून निघतोय.” “मग गावात कधी पोचाल?”

सप्टेंबर २०२४ पासून पेठांच्या पोटातून मेट्रो धावू लागली आहे. मुठेच्या खालून येते आणि कसबा पेठ, मंडई करत स्वारगेटला जाते. त्यामुळे भाषेत एक बारीक फरक पडला : गावात आता ‘खालून’ जाता येतं. नवरेमंडळींची शनिवारवाड्याभोवतीची प्रदक्षिणा कमी होईल अशी आशा होती. पण मेट्रो स्टेशनपर्यंत नेलेली गाडी तिथे कुठे लावायची, हा नवा प्रश्न निघाला. गणपतीत मात्र सगळे खालूनच येतात. त्या दहा दिवसांत अख्खं उपनगर गावात असतं आणि ढोलताशांना कंटाळलेले पेठेतले काही लोक गावाला गेलेले असतात.

अलीकडे एक धक्कादायक बातमी कानावर आली आहे. भूगावच्या एका सोसायटीतला तरुण कर्वे पुतळ्यापाशी भेटला. हातात दोन पिशव्या, कपाळाला घाम. कोथरूडच्या एका जुन्या रहिवाशाने ओळख काढून विचारलं, “काय, इकडे कुठे?”

“काही नाही काका, जरा गावात आलो होतो.”

“गावात? मग अजून इथेच? बस मिळाली नाही का?”

“नाही नाही. हेच. इथेच आलो होतो.”

काकांना समजायला वेळ लागला. चाळीस वर्षं कोथरूडात राहून त्यांनी दर शनिवारी गावात जाऊन येतो म्हटलं होतं, आणि आज नावातच गाव असलेल्या ठिकाणाहून आलेला मुलगा त्यांच्या दाराशी उभा राहून त्यांना गाव म्हणत होता. आधी त्यांचा चेहरा पडला. मग त्यांनी वळून रस्त्याकडे पाहिलं : दोन्ही बाजूंना लावलेल्या गाड्या, आणि मधोमध हळूहळू सरकणारी एक मोटार, जिच्यातून कोणीतरी नुकतंच उतरलं होतं.

“गाडी कुठे लावलीस?” काकांनी विचारलं.

“लावली नाही. बायको फिरवत बसलीय.”

“हां,” काका म्हणाले, “मग बरोबर आहे,” आणि कुकरची रिंग कुठे मिळते ते त्याला समजावून सांगू लागले.